काय वाढले की काय वाढते

जानेवारीत वसमतच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्या दिवसांत मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना एकच नमुना देते: रसवंतीवरून आणलेला आणि रात्रभर झाकून ठेवलेला उसाचा रस. सकाळी त्यावर फेस धरलेला असतो, झाकण काढले की आंबूस वास येतो. तो रस निर्जंतुक पाण्यात पायरीपायरीने पातळ करायचा आणि चार गटांनी चार वेगळ्या माध्यमांवर पसरायचा. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या प्लेट घेऊन टेबलाशी येतात. पहिल्या गटाच्या न्यूट्रिएंट अगारवर जिवाणूंचीच गर्दी असते. दुसऱ्या गटाच्या साखरेच्या माध्यमावर ल्युकोनोस्टॉकच्या चकचकीत, बुळबुळीत वसाहती दिसतात, भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारख्या. तिसऱ्याच्या बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर बुरशीने अर्धी प्लेट व्यापलेली असते, वर काळी भुकटी. चौथ्या गटाने क्लोरॅम्फेनिकॉल घातलेले वायपीडी वापरलेले असते. तिथे बुरशीचे एकदोन ठिपके सोडले तर लोण्याच्या रंगाच्या, गोल, फुगीर, मंद चकाकीच्या वसाहती. ते यीस्ट.

मग मी विचारते, रसात काय होते? चार गट चार उत्तरे देतात आणि प्रत्येक जण आपल्या प्लेटकडे बोट दाखवतो.

मराठीत ‘वाढणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पोर वाढते, आणि पानात भाजी वाढतात. यीस्टच्या माध्यमांविषयी मला जे सांगायचे आहे ते या एका शब्दात मावते. प्लेटमध्ये आपण काय वाढतो, त्यावर तिथे कोण वाढणार हे ठरते. जे वाढले नाही ते नमुन्यात नव्हतेच, असे म्हणता येत नाही. यीस्टच्या माध्यमांवरची ही पुस्तिका या एका गोष्टीपायी लिहिली आहे.

सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागांतून आमच्याकडे येणारी मुले हुशार असतात, मेहनती असतात. माध्यमाचे सूत्र त्यांना तोंडपाठ असते. पण पेप्टोन कशासाठी, साखर दोन टक्केच का, एका पुस्तकात सामू ५.६ आणि दुसऱ्यात ६.९ का, असे विचारले की वर्ग गप्प होतो. दोष त्यांचा नाही. त्यांच्या हाती पडणारी इंग्रजी पुस्तके सूत्र देतात आणि पुढे जातात. म्हणून मराठीत लिहायचे ठरवले. मराठीत लिहिताना शब्दांचा प्रश्न आला. परिभाषेत यीस्टला ‘किण्व’ हा शब्द आहे, पण प्रयोगशाळेत तो कुणी उच्चारत नाही. बेकरीतला पोरगाही यीस्टच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. ‘माध्यम’ मात्र रुळलेला आहे, तो ठेवला.

सुरुवात वायपीडीपासून करावी लागते, कारण जगभरातल्या यीस्टच्या प्रयोगशाळांचे ते रोजचे जेवण आहे. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २० ग्रॅम पेप्टोन, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज. घट्ट हवे असेल तर वर १५ ते २० ग्रॅम अगार. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, ती शक्ती आणि कार्बन पुरवते. पेप्टोन म्हणजे पाचक द्रव्यांनी तोडलेली प्रथिने, त्यांतून नत्र मिळते. आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट? यीस्टला यीस्टच का खायला घालायचे, हा प्रश्न दर वर्षी एखादी मुलगी विचारतेच, आणि तो फार चांगला प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचा धागा सापडायला चाळीसेक वर्षे लागली. १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने साखर, अमोनियम टार्ट्रेट आणि यीस्टची राख एवढ्यावरच यीस्ट वाढवून दाखवले. प्रथिनांशिवाय यीस्ट वाढते, हे लीबिगसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला पटले नाही आणि वाद बरीच वर्षे चालला. पुढे १९०१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँ इथे विल्डिये याच्या लक्षात आले की अशा माध्यमात यीस्टचे विरजण भरपूर घातले तर ते वाढते, अगदी थोडे घातले तर वाढत नाही. उकळलेल्या यीस्टचा अर्क थोडासा टाकला की थोडे विरजणही जोमाने वाढते. त्या अज्ञात द्रव्याला त्याने ‘बायोस’ नाव दिले. ते एकच द्रव्य नसून इनोसिटॉल, पँटोथेनिक आम्ल, बायोटिन असे अनेक घटक आहेत, हे पुढच्या काही दशकांत उलगडले. बायोटिन १९३६ मध्ये अंड्याच्या बलकातून वेगळे झाले. मेलेल्या यीस्टच्या अर्कात ही जीवनसत्त्वे तयार असतात, म्हणून तो जिवंत यीस्टला घालायचा. मला हा इतिहास आवडतो, कारण त्याची सुरुवात ‘कधी वाढते, कधी वाढत नाही’ अशा नोंदीतून झाली. आमच्या मुलांच्या नोंदवहीतही अशा नोंदी असतात. फक्त त्या खोडल्या जातात.

अगारची गोष्ट तर प्रत्येक स्वयंपाकघरात सांगण्यासारखी आहे. रॉबर्ट कॉख आधी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर आणि मग जिलेटिनवर जिवाणू वाढवत असे. जिलेटिन पंचवीस-तीस अंशांच्या आसपासच वितळते. त्याचा सहकारी वॉल्थर हेस्से याच्या प्लेट उन्हाळ्यात पातळ व्हायच्या. त्याची पत्नी फॅनी हेस्से घरच्या जेलीत अगार वापरत असे. जावा बेटात राहून आलेल्या ओळखीच्या माणसांकडून ती ते शिकली होती. १८८१ मध्ये तिने नवऱ्याला अगार सुचवले. ते ८५ अंशांच्या पुढे वितळते आणि चाळिशीच्या खाली आले की घट्ट होते. हिंगोलीत मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो. इथे जिलेटिनची प्लेट मार्चपासून जूनपर्यंत सरबतच राहिली असती. आपल्या किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून पांढऱ्या पट्ट्या मिळतात, ते हेच अगार. त्याच्या प्लेट थोड्या गढूळ होतात, पण होतात. शाळेतल्या शिक्षकांनी बिनधास्त वापरावे.

पॅरिसचा त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबूरो याच्यावर मी या पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण खर्च केले आहे. गजकर्ण आणि डोक्यातले चट्टे हा त्याचा विषय. एकच बुरशी वेगवेगळ्या साखरेवर वेगवेगळी दिसते, त्यामुळे एका गावच्या डॉक्टरचे वर्णन दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, हे त्याने ओळखले आणि ठरावीक माल्टोज, ठरावीक पेप्टोन वापरण्याचा आग्रह धरला. आज माल्टोजच्या जागी डेक्स्ट्रोज आला आहे. आताच्या साबूरो डेक्स्ट्रोज अगारमध्ये ४ टक्के डेक्स्ट्रोज, १ टक्का पेप्टोन आणि सामू ५.६ असतो. आम्लता आणि भरपूर साखर यांमुळे बरेच जिवाणू मागे पडतात. एमन्स या शास्त्रज्ञाने नंतर साखर २ टक्के आणि सामू ६.९ केला, त्यात आम्लतेचा पहारा उठतो, म्हणून जिवाणू रोखायला प्रतिजैविक घालणे आले. दोन पुस्तकांत दोन सामू का, याचे उत्तर एवढेच आहे. पण साबूरोचा मूळ आग्रह, म्हणजे तुलना करायची तर माध्यम एकच ठेवा, हा मुलांनी मनात कोरून ठेवावा असे मला वाटते.

हा आग्रह विसरल्याची किंमत आपल्याकडे हळदीच्या प्रकल्पांत मोजली जाते. वसमतची हळद नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दर वर्षी दोन-तीन गट ‘हळदीच्या अर्काचा कँडिडा या यीस्टवर परिणाम’ हा विषय घेतात. अगारमध्ये भोक पाडतात, अर्क भरतात, दुसऱ्या दिवशी भोवतीचे मोकळे वर्तुळ मोजतात. एका गटाचे वर्तुळ साबूरोवर, दुसऱ्याचे म्युलर-हिंटनवर. दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि मग कुणाची हळद चांगली यावर चर्चा सुरू होते. मुळात करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाणीदार अगारमधून ते फार पसरतच नाही. वर्तुळ लहान आले म्हणजे हळद निकामी, असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय अर्क ज्या अल्कोहोलमध्ये काढला त्याचेही वर्तुळ पडते, म्हणून नुसत्या अल्कोहोलचे भोक शेजारी हवेच. कँडिडासाठी चकतीची प्रमाणित चाचणी २ टक्के ग्लुकोज आणि किंचित मिथिलीन ब्लू घातलेल्या म्युलर-हिंटनवर करतात, आणि करक्युमिनसारख्या द्रव्याला द्रवमाध्यमात तीव्रता पायरीपायरीने उतरवत नेणे अधिक न्यायाचे. हळदीवर काम जरूर करा. आपल्या जिल्ह्याने नाही करायचे तर कुणी करायचे? पण तिला बोलता येईल असे माध्यम द्या.

भरल्या ताटाइतकीच उपासाची माध्यमेही शिकवतात, आणि पाठ्यपुस्तके त्यांना फार कमी जागा देतात. ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल घाला: ग्लिसरॉल आंबवता येत नाही, श्वसनानेच वापरावे लागते, म्हणून मायटोकाँड्रिया बिघडलेले यीस्ट तिथे उपाशी राहते. ग्लुकोजवर त्याच पेशी बारक्या वसाहती करतात. बोरिस एफ्रुसीने १९४० च्या दशकाअखेर पॅरिसमध्ये या ‘पेटीट’ वसाहतींतून एक अख्खे संशोधनक्षेत्र उभे केले. नत्रासाठी फक्त लायसिन द्या: कारखान्यातले नेहमीचे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ते एकटे वापरू शकत नाही, कित्येक रानटी यीस्ट वापरतात, त्यामुळे विरजणात शिरलेला परका पकडता येतो. आणि नत्र जवळजवळ काढूनच घेतले, पोटॅशियम ॲसिटेटवर ठेवले, की पेशी बीजाणू धरतात. तीन ते सात दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली एका पिशवीत चार गोळे दिसतात, कधी चौकोनात, कधी तीन खाली एक वर. ते पहिल्यांदा दिसते तेव्हा मुले भिंगावरून डोळा काढत नाहीत.

आता कारखान्याकडे. पूर्णा, टोकाई, मराठवाडा ही साखर कारखान्यांची नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या घरात रोज निघतात, कारण बहुतेकांच्या घरी ऊस असतो. साखर काढून उरणाऱ्या मळीत साधारण ४० ते ५० टक्के आंबवण्याजोगी साखर शिल्लक असते. (शेतकरी प्रेसमडलाही मळी म्हणतात, इथे मळी म्हणजे काळा, चिकट मोलॅसिस.) पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल उसातूनही येते आणि ते काम सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हेच यीस्ट करते. उसाच्या मळीत विल्डियेचे ‘बायोस’ आहे: बायोटिन भरपूर, बीटच्या मळीपेक्षा कितीतरी जास्त. वापरण्याजोगे नत्र आणि स्फुरद मात्र कमी, म्हणून आसवनीत युरिया आणि डीएपी घालतात. घरच्या शेतात जी पोती फोडली तीच यीस्टलाही लागतात, हे कळल्यावर मुलांचा चेहरा बदलतो. त्याचबरोबर मळीत चुना, क्षार, करपलेली साखर, बाष्पशील आम्ले असतात आणि ती यीस्टला जड जातात. म्हणून वायपीडीवर पहिला आलेला वाण मळीतही पहिला येईल असे धरून चालू नका. ज्या रानात राबायचे त्याच रानात बैल पारखावा. आसवनीसाठी वाण निवडायचा असेल तर शेवटची फेरी मळीच्याच माध्यमात व्हायला हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून यीस्टचा वाण मागवला तर तो बहुधा एमजीवायपीवर जपायला सांगतात: माल्ट एक्स्ट्रॅक्ट ०.३, ग्लुकोज १, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.३, पेप्टोन ०.५ टक्के. वायपीडीहून हे हलके जेवण आहे, आणि जपणुकीला हलकेच बरे.

गुळाबद्दल मला नेहमी विचारतात. डेक्स्ट्रोज संपला, गूळ चालेल का? वर्गात दाखवायला चालेल, बटाट्याचे पाणी आणि गूळ यांवर यीस्ट छान येते. मोजमापाला चालणार नाही. दोन गुऱ्हाळांचा गूळ सारखा नसतो. रंग उजळायला काही ठिकाणी हायड्रॉस घालतात, त्यातला गंधकाचा अंश यीस्टला दाबतो. पिवळाधमक गूळ घेतला आणि यीस्ट आले नाही तर आधी गुळावर संशय घ्या. त्यातल्या त्यात काळपट, बिनरसायनाचा गूळ बरा, आणि कुठून आणला ते लिहून ठेवा.

मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षीची एक गोष्ट इथे सांगायला हवी. जिवाणू नकोत म्हणून बटाटा-डेक्स्ट्रोज अगारचा सामू ३.५ करायचा होता. मी टार्टारिक आम्ल आधीच घातले आणि मग ऑटोक्लेव्ह लावला. तीस प्लेट ओतल्या. संध्याकाळी प्लेट तिरकी केली तर माध्यम भाताच्या पेजेसारखे एका कडेला वाहत आले. अगार कमी पडले असे समजून दुसऱ्या दिवशी दीडपट घातले, तरी तेच. तीस विद्यार्थ्यांचा प्रयोग आठवडाभर पुढे गेला आणि महागाचे अगार गेले. कारण साधे आहे: आम्लात १२१ अंशांना तापवले की अगारचे लांब धागे तुटतात, मग ते गोठत नाही. आम्ल वेगळे निर्जंतुक करायचे आणि माध्यम पन्नास अंशांपर्यंत निवल्यावर ओतायच्या आधी मिसळायचे. मिसळल्यावर पुन्हा तापवायचे नाही. हे एक वाक्य सांगणारी पुस्तिका असती, तर ती मी तेव्हाच विकत घेतली असती.

पाण्याचेही तसेच. बोअरचे पाणी जड असेल आणि माध्यमात फॉस्फेट असेल, तर ऑटोक्लेव्हमधून निघाल्यावर तळाशी पांढरा गाळ दिसतो. तो कॅल्शियम फॉस्फेटचा. तेवढे स्फुरद यीस्टच्या ताटातून गेले. ऊर्ध्वपातित पाणीच वापरा. तापमानाकडेही लक्ष हवे. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर असते आणि यीस्टला हवे असतात २८ ते ३०. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर नसेल तर यीस्टचे प्रयोग दिवाळीनंतर ठेवा. किंवा क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस घ्या: हे यीस्ट दूध-दह्यात सापडते, दुधातली साखर वापरते आणि ४५ अंशांपर्यंत वाढते. मराठवाड्याच्या उन्हाळ्याला साजेसे ते आहे.

शेवटचे प्रकरण कारळ्याचे आहे. भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो तेच कारळे, गुइझोशिया ॲबिसिनिका. १९६२ मध्ये श्टाइब या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्या बियांच्या अर्काचे अगार केले. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत सापडते आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणते. कारळ्याच्या अगारवर ते बियांतल्या कॅफेइक आम्लापासून मेलॅनिन बनवते आणि त्याच्या वसाहती तपकिरी होतात. शेजारची कँडिडा पांढरीच राहते. हा प्रयोग महाविद्यालयात करू नका, ते जिवाणू-बुरशीतज्ज्ञाच्या सुरक्षित खोलीतले काम आहे. पण हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे उद्या जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला आपल्या डब्यातल्या चटणीचे हे काम ठाऊक असावे, म्हणून ते प्रकरण ठेवले.

या पुस्तिकेतली प्रत्येक कृती मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी आमच्या पाण्यावर, आमच्या हवेत करून पाहिली आहे. तुमचे पाणी वेगळे असेल, गूळ वेगळा असेल. वाचकांना विनंती आहे की प्रयोग करताना माध्यमाचा लॉट क्रमांक, पाणी कुठले, सामू किती आणि खोलीचे तापमान किती, या चार गोष्टी तारखेसह लिहाव्यात, आणि जिथे यीस्ट आले नाही ती नोंद न खोडता मला पाठवावी. पुढच्या आवृत्तीत त्या नोंदींसाठी कोरी पाने राखून ठेवली आहेत.